बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये शिरताना: एमएस्सी, पीएचडी आणि पहिली नोकरी

बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणजे जनुकांसारखा जैविक डेटा संगणक आणि संख्याशास्त्राच्या मदतीने तपासणं. त्याच्या एमएस्सीचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. एखादा खुला डेटा घ्या आणि त्याचं विश्लेषण पहिल्या फाइलपासून शेवटच्या आलेखापर्यंत स्वतः करून बघा. रोज दोन तास दिले तर दीड-दोन महिने लागतील. त्यात रमलात तर पुढची पाच-सात वर्षं या विषयाला द्यायला हरकत नाही. तिसऱ्याच दिवशी काळ्या पडद्यावरचे एरर बघून डोकं उठलं, तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं. म्हणून या लेखात आधी हाताला सवय लावायची कामं आहेत. परीक्षा, संस्था आणि नोकरी त्यानंतर.

आपलं काय कच्चं आहे

महाराष्ट्रात जीवशास्त्राकडून येणाऱ्यांची अडचण बहुधा अकरावीत सुरू होते. ‘पीसीबी’ घेतलं, गणित सुटलं, आणि बीएस्सी बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी करताना ते परत भेटलंच नाही. अशांनी संभाव्यता, वितरणं, गृहीतक चाचणी आणि मॅट्रिक्सची तोंडओळख एवढं तरी भरून काढावं. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आणि एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरचा संख्याशास्त्राचा एखादा कोर्स पुरतो. पायथॉन शिकायची घाई सगळ्यांना असते, संख्याशास्त्राची कुणालाच नसते. पण पुढे अडतं ते तिथेच.

बीई किंवा बीसीएस करून येणाऱ्यांचं उलट असतं. कोड झरझर लिहितात, पण एका जनुकापासून अनेक ट्रान्सक्रिप्ट का बनतात, एक्झॉन आणि इंट्रॉन म्हणजे काय, आरएनए मोजला म्हणजे प्रथिन मोजलं असं का म्हणता येत नाही, हे सांगता येत नाही. रेण्वीय जीवशास्त्राचं पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पुस्तक सावकाश वाचा. जिथे ‘याला अपवाद आहेत’ असं लिहिलेलं असतं तिथे खूण करा. पुढे प्रोग्राम बरोबर चालूनही उत्तर चुकतं ते या अपवादांमुळेच.

लॅपटॉप आणि हत्यारं

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असेल तर उत्तम. ८ जीबीवरही सुरुवात होते. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू हे लिनक्स घ्या. फाइली सी ड्राइव्हवर ठेवू नका, उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर सगळं रेंगाळतं. फोल्डरच्या नावात स्पेस नको. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून लिनक्सवर नेली तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून जातं आणि स्क्रिप्ट अगम्य एरर देते. नवख्यांचे तासन् तास यात जातात. ‘डॉसटूयुनिक्स’ ही आज्ञा ते एका क्षणात साफ करते.

क्रम असा ठेवा: लिनक्सची कमांड लाइन दोन आठवडे, मग पायथॉन, मग आर ही संख्याशास्त्राची भाषा. पायथॉनच्या सरावासाठी रोझालिंड संकेतस्थळावरची पहिली वीसेक गणितं सोडवा. डीएनएची उलट पूरक साखळी काढणं, जीसीचं प्रमाण मोजणं अशी ती असतात आणि ती करताना फाइल वाचायची सवय होते. सॉफ्टवेअर एकेक करून हाताने बसवू नका; कोंडा हे सॉफ्टवेअर बसवणारं साधन टाका, त्यात जीवशास्त्राच्या साधनांचं बायोकोंडा चॅनेल जोडा आणि प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे साधनांचा वेगळा कप्पा, करा. एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळं कोंबलं की एक दिवस दोन साधनांच्या आवृत्त्या एकमेकींशी भांडतात आणि सगळंच बंद पडतं.

आणि जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट२ आणि मार्च१ या नावांच्या जनुकांना एक्सेल तारीख समजून ‘२ सप्टेंबर’, ‘१ मार्च’ करून टाकायचं. छापून आलेल्या कित्येक शोधनिबंधांच्या पुरवण्यांत हा घोळ सापडला, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. आता ती सेप्टिन२ आणि मार्चएफ१ आहेत. जुन्या डेटात मात्र जुनीच नावं भेटतील.

पहिलं विश्लेषण: ‘एअरवे’ डेटा

सुरुवातीसाठी बायोकंडक्टर या आरच्या जैविक पॅकेजांच्या संग्रहातला ‘एअरवे’ हा संच घ्या. चार दात्यांच्या श्वासनलिकेच्या स्नायूपेशी आहेत. प्रत्येक दात्याचे दोन नमुने: एकाला दम्यावर वापरतात त्या वर्गातलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड १८ तास दिलेलं, दुसरा तसाच ठेवलेला. म्हणजे एकूण आठ नमुने. जनुकागणिक मोजणी तयारच मिळते, त्यामुळे मोठ्या फाइली उतरवाव्या लागत नाहीत. प्रश्नही सरळ आहे: औषधाने कोणती जनुकं वर गेली, कोणती खाली आली?

आरमध्ये डीईसीक२ हे पॅकेज वापरा. त्याला कच्चे आकडेच द्यायचे. टीपीएम किंवा एफपीकेएम अशी आधीच भागाकार केलेली मोजणी दिली तर त्याचं संख्याशास्त्र कोलमडतं, कारण एखाद्या जनुकाला १० रीड (यंत्राने वाचलेले तुकडे) मिळाल्या की १०,०००, यावर त्याचा भरवसा ठरतो आणि ती माहितीच पुसली गेलेली असते. मॉडेलमध्ये फक्त औषध लिहू नका, पेशींचा दाताही लिहा. दोन माणसांच्या पेशींत मुळातच फरक असतो. तो हिशेबात घेतला नाही तर औषधाचा परिणाम त्या गोंगाटात बुडतो.

इथे एक खड्डा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. या डेटात औषध दिलेल्या नमुन्यांना ‘टीआरटी’ आणि न दिलेल्यांना ‘अनटीआरटी’ अशी खूण आहे. आर ही भाषा गटांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावते. टी आधी येतो, यू नंतर, म्हणून औषध दिलेला गटच तुलनेचा पाया ठरतो आणि सगळी उत्तरं उलटी येतात. प्रोग्राम काही तक्रार करत नाही. हे पकडायचं कसं? एफकेबीपी५ हे जनुक बघा. ग्लुकोकॉर्टिकॉइडमुळे ते जोरात वाढतं हे पक्कं माहीत आहे. तुमच्या तक्त्यात ते जोरात खाली गेलेलं दिसलं तर चिन्ह उलटलंय. ‘रीलेव्हल’ करून ‘अनटीआरटी’ पाया म्हणून बसवा आणि पुन्हा चालवा. डीयूएसपी१ आणि पीईआर१ हीसुद्धा वरच गेलेली दिसली पाहिजेत. कुठल्याही विश्लेषणात अशी दोन-तीन माहितीतली जनुकं आधीच ठरवून ठेवा. ती जागेवर नसतील तर बाकीच्या यादीवर विश्वास ठेवू नका.

मग पी-व्हॅल्यू, म्हणजे औषधाचा परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. २०,००० जनुकं तपासली आणि ०.०५ ची साधी रेषा लावली, तर औषधात काहीही दम नसला तरी सुमारे १,००० जनुकं निव्वळ योगायोगाने ‘बदललेली’ दिसतील. म्हणून इतक्या चाचण्यांचा हिशेब धरून सुधारलेल्या पी-व्हॅल्यूचा स्तंभ वापरायचा. मुलाखतीत हे हमखास विचारतात, आणि ‘सॉफ्टवेअर करतं’ हे उत्तर चालत नाही.

शेवटी पीसीए आलेख काढा; त्यात सारखे नमुने जवळ आणि वेगळे नमुने लांब पडतात. औषध दिलेले आणि न दिलेले नमुने वेगळे पडतात, आणि एकाच दात्याचे नमुने एकमेकांच्या ओढीने सरकलेले दिसतात. तो आलेख बघून चार वाक्यं लिहा. नंतर मनातल्या मनात एक प्रयोग करा: औषध दिलेले चारही नमुने सोमवारी आणि बाकीचे चार शुक्रवारी तयार केले असते तर? दिसलेला फरक औषधाचा की वाराचा, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकलं नसतं. प्रयोगाची आखणी होते त्या बैठकीत विश्लेषकाने बसायचं असतं, ते यासाठी.

दुसरं विश्लेषण: कच्च्या रीड्सपासून

आता सिक्वेन्सरमधून, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून, निघालेली फास्टक्यू फाइल हाताळा. मानवी जीनोमने सुरुवात करू नका. त्यात सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात, ३० पट खोलीच्या (प्रत्येक जागा सरासरी तीसदा वाचलेल्या) एका नमुन्याच्या दाबलेल्या फाइली शंभर जीबीच्या आसपास जातात, आणि रीड्स संदर्भाला जुळवणाऱ्या स्टार या अलाइनरला मानवी जीनोमसाठी ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. सार्स-कोव्ह-२ हा कोविडचा विषाणू घ्या: २९,९०३ अक्षरांचा संदर्भ जीनोम, खुल्या संग्रहात लाखो नमुने, आणि साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत काम.

फाइल उघडून आधी डोळ्यांनी बघा. प्रत्येक रीडच्या चार ओळी असतात: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह, आणि चौथ्या ओळीत विचित्र दिसणारी चिन्हांची माळ. ती माळ म्हणजे प्रत्येक अक्षराची खात्री. चिन्हाच्या आस्की क्रमांकातून ३३ वजा करायचे. मोठ्या ‘आय’चा क्रमांक ७३, म्हणून गुण ४०, म्हणजे चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक. हॅशचा ३५, म्हणून गुण २. ते अक्षर असून नसल्यासारखं.

पुढचा क्रम: फास्टक्यूसीने तपासणी, फास्टपीने अडॅप्टर (यंत्रासाठी टोकाला जोडलेले तुकडे) आणि खराब टोकं कापणं, बीडब्ल्यूएने संदर्भाला जुळवणं, सॅमटूल्सने क्रम लावणं, आयव्हारने प्रायमर (डीएनएच्या प्रती वाढवताना वापरलेले छोटे तुकडे) छाटणं, आणि बदल नोंदवून व्हीसीएफ फाइल. प्रायमर छाटायची पायरी वगळू नका. या विषाणूचे बहुतेक नमुने ४०० अक्षरांच्या आसपासचे तुकडे वाढवून वाचलेले असतात. प्रायमरचा क्रम संदर्भातून घेतलेला असल्यामुळे त्या जागेवरचं खरं उत्परिवर्तन तो झाकून टाकतो. ‘डुप्लिकेट काढा’ ही मानवी जीनोमच्या ट्युटोरियलमधली पायरी मात्र इथे करायची नाही. इथे सगळ्या रीड्स ठरावीक जागांवरूनच सुरू होतात, त्यामुळे खऱ्या रीड्सच नकला समजून उडवल्या जातात आणि हातात मूठभर उरतात.

पडताळणीही सोपी आहे. २०२० च्या मध्यानंतरचा जवळपास कुठलाही नमुना घ्या, २३,४०३ व्या जागी ए चा जी झालेला दिसलाच पाहिजे. तोच डी६१४जी बदल. हीच जागा जीनोममधल्या जागांची यादी ठेवणाऱ्या बेड फाइलमध्ये २३,४०२ ते २३,४०३ अशी लिहितात, कारण व्हीसीएफ एकपासून मोजतं आणि बेड शून्यापासून. एका अक्षराच्या या फरकाने कितीतरी निकाल चुकतात. मानवी डेटात त्यात दोन घोळांची भर पडते: एक फाइल संदर्भ जीनोमच्या एचजी१९ या जुन्या आवृत्तीची आणि दुसरी जीआरसीएच३८ या नव्या आवृत्तीची, किंवा एकीत पहिल्या गुणसूत्राला ‘सीएचआर१’ म्हटलेलं आणि दुसरीत नुसतं ‘१’. दुसरा घोळ बरा. निकाल रिकामा आला की कळतो. पहिल्यात निकाल येतो, आणि चुकीचा येतो.

दोन्ही कामं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाका. सोबत एक पानी रीडमी: प्रश्न काय, डेटा कुठला, कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती, काय सापडलं, कशावर शंका आहे. शेवटचा मुद्दा लिहिणारे थोडेच, म्हणून तो उठून दिसतो.

प्रवेश परीक्षा

इथे एक गैरसोय आधीच समजून घ्या: सीएसआयआर-नेटमध्ये बायोइन्फॉर्मेटिक्सचा स्वतंत्र पेपर नाही. तुम्हाला लाइफ सायन्सेस द्यावा लागतो आणि त्यात वनस्पतींच्या शरीरक्रियेपासून परिसंस्थेपर्यंत सगळं येतं. पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न, ब मध्ये ५० पैकी ३५, हे दोन्ही दोन-दोन गुणांचे. क मध्ये ७५ पैकी २५, प्रत्येकी चार गुणांचे. म्हणजे १०० गुण तिथेच. चुकीच्या उत्तराला २५ टक्के वजा. क भागात निवडीला भरपूर वाव असल्यामुळे अभ्यासक्रमातले तेराही घटक तोंडओळखीइतके करण्यापेक्षा रेण्वीय जीवशास्त्र, पेशी, आनुवंशिकी, उत्क्रांती आणि संशोधन पद्धती हे घटक खोलवर करणं फायद्याचं. जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. पुढे एसआरएफ या वरिष्ठ शिष्यवृत्तीला ४२,०००.

एमएस्सीसाठी गॅट-बी बघा: जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांची ही प्रवेश परीक्षा. तिच्या पहिल्या भागातले ६० प्रश्न बारावीच्या पातळीचे असतात आणि त्यात गणितही असतं. पीसीबीवाल्यांचे गुण तिथेच गळतात. आयआयटी मुंबईच्या एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीसारख्या जागांना जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर लागतो, केंद्रीय विद्यापीठांना बहुधा सीयूईटी-पीजी. एमटेकला गेट: बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, किंवा २०२४ पासून सुरू झालेला डेटा सायन्स आणि एआयचा पेपर. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. टीआयएफआर-एनसीबीएसकडच्या पीएचडीसाठी जेजीईबिल्स ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिच्यात पाठांतराचा उपयोग कमी.

प्राध्यापकी डोक्यात असेल तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिथेही लाइफ सायन्सेसच.

संस्था निवडताना

पुणे हे या विषयाचं देशातलं जुनं ठाणं. विद्यापीठातलं बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र १९८७ पासूनचं. आयसर, एनसीएल, एनसीसीएस या संशोधन संस्था आणि परम महासंगणकवाली सी-डॅक याच शहरात. मुंबईकडे टीआयएफआर, आयआयटी आणि कर्करोगावर काम करणारं खारघरचं ॲक्ट्रेक. राज्याबाहेर बंगळुरूचं आयबॅब, चेन्नईचं आयएमएससी, दिल्लीची ट्रिपलआयटी आणि आयजीआयबी, हैदराबादचं सीसीएमबी ही नावं लक्षात ठेवा.

माहितीपत्रकात ‘जागतिक दर्जाची प्रयोगशाळा’ सगळेच लिहितात. तुम्ही चार गोष्टी विचारा. चौथ्या सत्राचा प्रकल्प पूर्ण सहा महिन्यांचा आणि बाहेरच्या संस्थेत करता येतो का? विद्यार्थ्यांना सर्व्हर किंवा क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) लॉगिन मिळतं का? संख्याशास्त्र कोण शिकवतं, संख्याशास्त्र विभागातलं कुणी की वेळ मारून नेणारं कुणी? मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे आहेत? शेवटच्याचं उत्तर संस्थेकडून घेण्यापेक्षा लिंक्डइनवरून काढा. पैसे घेऊन आठवड्याभरात ‘ड्रग डिझाइन’चं प्रमाणपत्र देणाऱ्या इंटर्नशिपांपासून लांब राहा. एक प्रथिन, एक रेणू, तो प्रथिनात कसा बसतो त्याचा एक डॉकिंगचा स्कोअर आणि रंगीत चित्र, एवढ्यावर कुठलाही अनुभवी माणूस भाळत नाही.

पीएचडीत संस्थेपेक्षा मार्गदर्शक मोठा. मेल दीडशे-दोनशे शब्दांचा लिहा. त्यांच्या एका निबंधातला नेमका कुठला भाग तुम्ही वाचला आणि त्यावर काय विचारावंसं वाटलं ते पहिल्या परिच्छेदात, आपल्या गिटहबचा दुवा दुसऱ्यात, शिष्यवृत्तीची स्थिती तिसऱ्यात. ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून चाळीस जणांना एकच मजकूर धाडलेला लगेच ओळखू येतो, आणि समोर मॅडम असल्या तर विचारायलाच नको. दोन आठवडे थांबून एकदाच आठवण करा. होकार आला तर तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोला आणि पीएचडीला सरासरी किती वर्षं लागतात ते विचारा. स्वतःची फेलोशिप नसेल तर आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्या वर्षातल्या ठरावीक दिवशीच येतात असं नाही.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेतल्या पीएचडीला बहुधा फी माफ आणि विद्यावेतन मिळतं, एमएसला सहसा स्वतःचे पैसे घालावे लागतात. हा फरक कर्ज काढण्याआधी नीट समजून घ्या. पीएचडीचे बहुतेक अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात आणि तीन शिफारसपत्रं लागतात, म्हणून प्राध्यापकांना ऑक्टोबरातच गाठा. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी फार नसते, पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि आपली पदवी तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र काढावं लागतं. तिथल्या बायोइन्फॉर्मेटिक्सच्या एमएस्सीत आपल्याकडची बायोटेकची मुलं अडतात ती गुणांवर क्वचितच. पदवीत गणित आणि संगणकशास्त्राची क्रेडिट कमी भरतात म्हणून अर्ज परत येतो. प्रत्येक विद्यापीठाने किती क्रेडिट मागितलीत ते आधी मोजा आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात त्याप्रमाणे विषय घ्या.

नोकरी

एमएस्सीनंतर साधारण तीन दारं उघडतात. पहिलं क्लिनिकल जीनोमिक्सचं: रुग्णाच्या जीनोममधले बदल तपासून अहवाल लिहिणं. इथे एसीएमजी या अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेचे २०१५ चे निकष आणि ‘रोगकारक’पासून ‘निरुपद्रवी’पर्यंतच्या पाच पायऱ्या तोंडावर असाव्या लागतात, मधल्या ‘अर्थ अनिश्चित’ पायरीवर सगळ्यात जास्त वेळ जातो. दुसरं पाइपलाइन, म्हणजे विश्लेषणाच्या पायऱ्या आपोआप चालवणारी साखळी, बांधण्याचं: नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक, डॉकर, क्लाउड. संगणकाकडून आलेल्यांना हे सोयीचं, आणि हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या औषध क्षेत्रातल्या कामांतही याला मागणी असते. तिसरं सरकारी संशोधन संस्थांतल्या प्रकल्प पदांचं. ती ठरावीक मुदतीची असतात, पण पीएचडीआधी वर्ष-दोन वर्षं खरा डेटा हाताळायला याहून चांगली जागा नाही. ‘सायंटिस्ट’ पदांना, विशेषतः औषध कंपन्यांत, पीएचडीच मागतात.

पहिल्या दिवशी क्लस्टरवर लॉगिन मिळेल तेव्हा जड काम लॉगिन नोडवर चालवू नका. ती सगळ्यांची सामायिक ओसरी असते आणि तुमच्या एका आज्ञेने पन्नास जणांचं काम थांबतं. कामांची वाटणी करणाऱ्या स्लर्म या प्रणालीची स्क्रिप्ट लिहून काम रांगेत लावा, रॅम आणि वेळ अंदाजाने थोडं जास्त मागा. कमी मागितलं तर सोळाव्या तासाला काम मारलं जातं, खूप जास्त मागितलं तर दोन दिवस रांगेतच पडून राहतं.

मुलाखतीत बऱ्याचदा एक व्हीसीएफ किंवा मोजणीचा तक्ता देऊन दोन-तीन तास दिले जातात. फाइल हाती आली की लगेच सॉफ्टवेअर चालवू नका. आधी ओळी मोजा, शीर्षक वाचा, संदर्भ जीनोम कोणता ते शोधा, रिकाम्या जागा आणि दुहेरी नोंदी बघा, नमुन्यांची नावं आणि माहितीचा तक्ता यांचा क्रम जुळतो का ते तपासा. परीक्षकांनी मुद्दाम दोन नमुन्यांची अदलाबदल करून ठेवलेली असू शकते. तसं काही सापडलं तर तुम्ही काय गृहीत धरून पुढे गेलात ते उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहा.